गरिबीचा हिशोब

माणूस गरीब का असतो, हा प्रश्न फार जुना आहे. काही लोक म्हणतात, गरीब माणूस आळशी असतो, उधळपट्टी करतो, व्यसनात पैसा घालवतो, म्हणून तो गरीब राहतो. काही लोक म्हणतात, गरिबी हा नशिबाचा खेळ आहे, त्याला इलाज नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या देशात एक असे गृहस्थ होऊन गेले, की त्यांचे या दोन्ही उत्तरांनी समाधान झाले नाही. ते गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी सरकारी अहवाल गोळा केले, आकडे मांडले, बेरीज-भागाकार केला आणि गरिबीचे कारण शोधून काढले. हे गृहस्थ म्हणजे भारताचे पितामह दादाभाई नौरोजी.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी मुंबईत एका गरीब पारशी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातमधील नवसारीचे. वडील धर्मगुरू होते. दादाभाई अवघे चार वर्षांचे असताना वडील वारले. घरात दुसरा मिळवता माणूस नव्हता. आई माणेकबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. पण मुलाने शिकावे, ही त्यांची मोठी इच्छा होती. त्यांनी कष्ट करून मुलाला वाढवले.

त्या वेळी मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी नावाची संस्था एक शाळा चालवत होती. तेथे इंग्रजी शिक्षण मिळे आणि मुलांकडून फी घेतली जात नसे. दादाभाई ज्या गावठी शाळेत शिकत होते, तेथील मेहताजी, म्हणजे मास्तर, आपल्या मुलाला या नव्या शाळेत घालणार होते. त्यांनी माणेकबाईंनाही तसाच सल्ला दिला. माणेकबाईंनी तो मानला. त्या शाळेत फी असती, तर दादाभाईंचे शिक्षण तेथेच थांबले असते. ही गोष्ट ते पुढे जन्मभर विसरले नाहीत.

शाळेत दादाभाई गणितात फार हुशार होते. एकदा शाळेत परीक्षा झाली. एका मुलाने पुस्तकातील सगळी उत्तरे तोंडपाठ केली होती. त्यामुळे बक्षीस त्याला मिळाले. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी पुस्तकाबाहेरचे काही प्रश्न विचारले. तो मुलगा गोंधळून गेला. तेव्हा दादाभाई धीर करून पुढे आले आणि त्यांनी त्या प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली. समारंभाला आलेल्या एका इंग्रज गृहस्थांनी त्यांना तिथल्या तिथे वेगळे बक्षीस दिले. पाठ केलेले उत्तर आणि स्वतः विचार करून काढलेले उत्तर यांतील फरक दादाभाईंना असा लहानपणीच कळला.

त्यांना वाचनाचीही गोडी होती. फिरदौसीचा ‘शाहनामा’ त्यांनी लहान वयातच गुजरातीतून वाचला. इराणच्या शूर वीरांच्या त्या कथा त्यांना फार आवडत.

त्यांच्या लहानपणची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांच्या घरी जेवणापूर्वी थोडी दारू घेण्याची रीत होती. एके दिवशी घरातली दारू संपली होती. म्हणून त्यांना समोरच्या दुकानात जाऊन ती घेण्यास सांगण्यात आले. दादाभाई गेले. पण दारूच्या दुकानात उभे राहताना त्यांना इतकी लाज वाटली, की पुन्हा त्या दुकानाची पायरी ते कधी चढले नाहीत. त्यांना कोणी शिक्षा केली नव्हती की उपदेश केला नव्हता. आपल्या वागण्याला आपणच जबाबदार आहोत, हे त्यांनी स्वतःच ठरवले. पंधरा वर्षांच्या सुमारास त्यांनी वाईट शब्द तोंडातून काढायचे नाहीत, असाही निश्चय केला आणि तो पाळला.

पुढे दादाभाई एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. मुंबईचे इंग्रज न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांना वाटले, की या मुलाला कायदा शिकण्यासाठी विलायतेला पाठवावे. अर्धा खर्च देण्याची त्यांनी तयारी दाखवली. उरलेला अर्धा पारशी समाजाने द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. पण मुलगा परदेशी जाऊन धर्म बदलील, अशी भीती समाजातील वडीलधाऱ्यांना वाटली. त्यामुळे तो बेत राहून गेला.

शिक्षण संपल्यावर दादाभाई त्याच संस्थेत शिकवू लागले. पुढे ते गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. तोपर्यंत तेथे या पदावर फक्त युरोपियन लोक असत. हा मान मिळवणारे दादाभाई हे पहिले भारतीय होत.

आता त्यांना चांगला पगार मिळू लागला होता. गरिबीचे दिवस संपले होते. दुसरा एखादा असता, तर म्हणाला असता, मी माझ्या हुशारीने आणि मेहनतीने वर आलो, बाकीच्यांनी त्यांचे पाहावे. दादाभाईंनी उलटा विचार केला. आपण हुशार होतो हे खरे, मेहनत केली हेही खरे. पण आपल्या गल्लीत आपल्याइतकीच हुशार मुले आणखी असतील. त्यांना फुकट शाळा मिळाली नाही, म्हणून ती मागे राहिली. आपले शिक्षण लोकांच्या पैशातून झाले आहे. म्हणजे आपल्यावर लोकांचे कर्ज आहे. ते फेडलेच पाहिजे. या विचाराने त्यांच्या सगळ्या आयुष्याला दिशा दिली.

कर्ज फेडण्याची सुरुवात त्यांनी मुलींच्या शिक्षणापासून केली. १८४९ मध्ये दादाभाई आणि त्यांचे तरुण मित्र यांनी मुंबईत मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा काढल्या. नोकरीला जाण्यापूर्वी, रोज सकाळी, हे तरुण या शाळांत फुकट शिकवत. मुली मिळाव्यात म्हणून ते घरोघर फिरत. काही घरांत त्यांचे स्वागत होई. काही ठिकाणी चिडलेले बाप त्यांना पायऱ्यांवरून खाली ढकलून देण्याची धमकी देत. तरीही हे तरुण मागे हटले नाहीत.

१८५१ मध्ये दादाभाईंनी ‘रास्त गोफ्तार’ नावाचे गुजराती वर्तमानपत्र सुरू केले. हे नाव फारसी आहे. त्याचा अर्थ खरे बोलणारा. समाजातील वाईट चालीरीतींवर या पत्रातून टीका होत असे. आपल्या लोकांचे दोष दादाभाईंनी कधी झाकून ठेवले नाहीत, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

१८५५ मध्ये कामा आणि कंपनी या पेढीचे भागीदार म्हणून ते लंडनला गेले. इंग्लंडमध्ये व्यापार करणारी ही पहिली भारतीय पेढी होती. काही वर्षांतच त्यांनी ही भागीदारी सोडली. दारू आणि अफू यांच्या व्यवहारातून मिळणारा नफा त्यांना नको होता. नफा सोडला, पण नियम सोडला नाही. नंतर त्यांनी कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली.

या कापसाने दादाभाईंना एक मोठा धडा शिकवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. त्यामुळे भारतातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. पण १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव एकदम कोसळले. मुंबईतील अनेक व्यापारी बुडाले. दादाभाईंच्या पेढीलाही झळ लागली. त्यांना मोठा तोटा सोसावा लागला. दादाभाई काही आळशी नव्हते, उधळेही नव्हते. हजारो कोसांवरचे एक युद्ध सुरू झाले आणि संपले, एवढेच घडले होते.

याच कापसाची दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडली. भाव चढले होते, तेव्हा पुणे आणि अहमदनगर भागातील शेतकऱ्यांना सावकार सहज कर्ज देत होते. भाव पडले, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला. त्यातच सरकारने काही तालुक्यांत जमिनीचा सारा खूप वाढवला. पीक येवो न येवो, सारा रोख भरावाच लागे. शेतकरी कर्जात बुडाले. त्यांच्या जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी उठाव केला. सावकारांकडची कर्जाची कागदपत्रे हिसकावून त्यांनी जाळून टाकली. पाहता पाहता उठाव दुसऱ्या गावांत पसरला.

शेतकरी लग्नात फार पैसा उधळतात, म्हणून ते कर्जबाजारी होतात, असे त्या काळी अनेक अधिकारी म्हणत. सरकारने या उठावाची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. कर्जाचे कारण म्हणून लग्नाच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, असे त्या सरकारी आयोगालाही नमूद करावे लागले. पुढे १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांना थोडेफार संरक्षण देणारा कायदा करावा लागला.

मात्र दादाभाईंना केवळ एका भागाचा नव्हे, तर साऱ्या देशाचा प्रश्न सोडवायचा होता. १८६६ मध्ये ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, भयंकर दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे अन्नावाचून मेली. इंग्रज राज्यात रेल्वे आली, तारा आल्या, कायद्याचे राज्य आले, असे सगळे सांगत होते. मग माणसे भुकेने का मरत होती? इंग्रज अधिकाऱ्यांकडे उत्तरे तयार होती. पाऊस पडत नाही. लोकसंख्या फार आहे. इथले लोक आळशी आहेत, उद्याचा विचार करत नाहीत.

दादाभाईंनी या उत्तरांवर रागाने टीका केली नाही. त्यांनी आधी एक साधा प्रश्न विचारला. भारतातील एका माणसाचे वर्षाचे उत्पन्न किती आहे? आश्चर्य म्हणजे, हा हिशोब तोपर्यंत कोणी नीट मांडलाच नव्हता. राज्य करणाऱ्यांना जमा झालेला सारा पैशापर्यंत माहीत होता. पण ज्यांच्याकडून तो घेतला, त्यांना खायला काय उरते, हे त्यांना माहीत नव्हते.

मग दादाभाईच कामाला लागले. त्यांनी निरनिराळ्या प्रांतांचे सरकारी अहवाल मिळवले. कोणते पीक किती एकरांत होते, एकरी किती उतारा येतो, बाजारात त्याचा भाव काय, हे पाहिले. त्यात मीठ, कोळसा, कारागिरांचा माल, व्यापार यांची भर घातली. हा हिशोब १८६७ ते १८७० या काळातील होता. ब्रिटिश राज्याखालच्या भारतातील एकूण वार्षिक उत्पन्न त्यांनी ३४० कोटी रुपये धरले. लोकसंख्या होती १७ कोटी. भागाकार सोपा आहे. एका माणसाच्या वाट्याला वर्षाला २० रुपये येत होते. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे होत. म्हणजे माणसाला दिवसाला एक आणाही मिळत नव्हता.

त्या काळी स्वस्ताई होती, म्हणून वीस रुपये पुरत असतील, असे कोणाला वाटेल. दादाभाईंनी ही शंकाही दूर केली. त्यांनी तुरुंगांचे अहवाल काढले. एका कैद्याच्या अन्नावर आणि कपड्यांवर सरकार वर्षाला किती खर्च करते, हे त्यांत दिलेले होते. तो खर्च वीस रुपयांपेक्षा जास्त होता. काही प्रांतांत तर दुपटीहूनही जास्त होता. कैद्याला चैनीचे काही देत नाहीत. तो जिवंत राहावा एवढेच देतात. म्हणजे दिवसभर राबणाऱ्या निरपराध माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नव्हते. शिवाय वीस रुपये ही सरासरी होती. तीत राजे-रजवाडे आणि श्रीमंत व्यापारीही धरले होते. गरिबाला वीस रुपयेही मिळत नसणार.

१८७६ मध्ये दादाभाईंनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध मुंबईत वाचला. पिकांचे आकडे अपुरे असल्यामुळे हिशोबात थोडी कमी-अधिक चूक असू शकेल, हे त्यांना मान्य होते. म्हणून त्यांनी सरकारला सांगितले, की माझा हिशोब चुकला असेल, तर तुम्ही तुमचा मांडा. १८८२ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी हिशोब केला. त्यांचे उत्तर आले २७ रुपये. वीस असोत की सत्तावीस, लोक फार गरीब होते, एवढे दोन्ही हिशोबांवरून स्पष्ट झाले.

आता पुढचा प्रश्न असा, की जमीन सुपीक, माणसे कष्टाळू, मग पैसा जातो कुठे? दादाभाईंनी देशाच्या आयात-निर्यातीचे आकडे पाहिले. भारतातून दरवर्षी जेवढा माल बाहेर जाई, तेवढ्या किमतीचा माल किंवा पैसा परत येत नसे. दरवर्षी कोट्यवधी रुपयांचा फरक राही. हे पैसे इंग्लंडमध्येच राहत. भारतात नोकरी करणारे इंग्रज अधिकारी आपल्या पगारातून मोठी रक्कम घरी पाठवत. नोकरी संपल्यावर ते इंग्लंडला जात आणि त्यांचे पेन्शन भारताच्या तिजोरीतून दिले जाई. लंडनमधून भारताचा कारभार पाहणाऱ्या कचेरीचा खर्च भारताकडूनच घेतला जाई. इंग्रजांनी भारताबाहेर केलेल्या काही लढायांचा खर्चही भारताच्या माथी मारला जाई. कर्जावरील व्याज वेगळेच.

कर तर पूर्वीचे राजेही घेत. मग फरक काय? दादाभाईंचे म्हणणे असे, की पूर्वीचे राज्यकर्ते याच देशात राहत. त्यांनी किल्ला बांधला तर गवंड्याला काम मिळे. भरजरी कपडे घेतले तर विणकराला पैसा मिळे. घेतलेला पैसा फिरून लोकांच्या हाती येई. विहिरीतून उपसलेले पाणी त्याच शेतात सोडले, तर जमीन ओली राहते. ते दुसऱ्या गावाला नेले, तर शेत सुकते. इंग्रज राज्यात भारताचे शेत असे सुकत चालले होते. पैसा गेल्यामुळे भांडवल उरत नव्हते. भांडवल नाही म्हणून नवे धंदे निघत नव्हते. धंदे नाहीत म्हणून सगळा भार शेतीवर पडत होता. मग एका वर्षी पाऊस चुकला, की माणसे मरू लागत. पाऊस न पडणे हे दुष्काळाचे निमित्त होते. घरात दाणा आणि गाठीला पैसा नसणे, हे मरणाचे कारण होते.

दादाभाईंच्या या विचाराला आर्थिक नि:सारणाचा सिद्धांत म्हणतात. नि:सारण म्हणजे बाहेर वाहून जाणे. किती पैसा गेला, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. सावकारी, जमीनदारी आणि जातिभेद हीदेखील गरिबीची कारणे होती. दादाभाईंनी त्यांवर कमी भर दिला, असेही काही जण म्हणतात. पण गरिबीची कारणे आकड्यांनी शोधता येतात, ही वाट आपल्या देशात दादाभाईंनी घालून दिली, हे सगळेच मान्य करतात.

लोकांवर आळशीपणाचा आणि नालायकीचा आरोप होत होता, त्याचेही उत्तर दादाभाईंनी १८८० मध्ये दिले. देशातून पैशाबरोबर शहाणपण आणि अनुभवही बाहेर जातो, असे त्यांनी दाखवून दिले. मोठ्या जागांवर इंग्रज अधिकारी येत. वीस-पंचवीस वर्षे काम करून ते अनुभवी होत आणि तो अनुभव घेऊन आपल्या देशी परत जात. भारतीयांना मोठ्या जागा मिळत नसत. सनदी नोकरीची परीक्षा लंडनलाच होई. किती गरीब मुलांना तेथे जाता येणार? जबाबदारीचे काम द्यायचे नाही आणि मग हे लोक जबाबदारीला लायक नाहीत असे म्हणायचे, हा कुठला न्याय? पोहायला न शिकलेल्या माणसाला पाण्यात उतरू द्यायचे नाही आणि वर त्याला पोहता येत नाही म्हणून हसायचे, तसाच हा प्रकार होता.

दादाभाई स्वतः जबाबदारी घ्यायला कधी कचरले नाहीत. १८७३ च्या अखेरीस ते बडोदे संस्थानचे दिवाण झाले. तेथील कारभारात लाचलुचपत फार माजली होती. ती मोडून काढण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पण महाराज मल्हारराव गायकवाड यांची साथ मिळेना. इंग्रज रेसिडेंटचाही त्यांना विरोध होता. सुमारे एका वर्षानंतर त्यांनी दिवाणपद सोडले. पदासाठी ते पदाला चिकटून राहिले नाहीत.

१८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना झाली. तीत दादाभाई होते. दुसऱ्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्यानंतर १८८७ मध्ये हा मान मुंबईचे प्रसिद्ध बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी यांना मिळाला.

भारताचा कारभार लंडनच्या पार्लमेंटमधून चालत होता. म्हणून आपला हिशोब तेथेच मांडला पाहिजे, असे दादाभाईंनी ठरवले. इंग्लंडमध्ये निवडणूक लढवणे सोपे नव्हते. १८८६ मध्ये ते पहिल्यांदा उभे राहिले आणि पडले. १८८८ मध्ये खुद्द इंग्लंडच्या पंतप्रधानांनी एका भाषणात त्यांच्या काळ्या रंगाचा उल्लेख करून त्यांना कमी लेखले. या अपमानाने अनेक इंग्रज लोकांनाही वाईट वाटले. दादाभाई शांत राहिले आणि काम करत राहिले. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते अगदी थोड्या मतांनी निवडून आले. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. पार्लमेंटमध्ये त्यांनी आपल्या धर्मग्रंथावर, खोर्देह अवेस्तावर, हात ठेवून शपथ घेतली.

पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, सनदी नोकरीची परीक्षा भारतातही एकाच वेळी घ्यावी, असा ठराव कॉमन्स सभेत मंजूर झाला. भारतात आनंद झाला. पण सरकारने तो ठराव अमलात आणला नाही. १८९५ च्या निवडणुकीत दादाभाई हरले. त्याच वर्षी भारत सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमण्यात आला. त्याचे एक सभासद म्हणून दादाभाईंची नेमणूक झाली. या आयोगापुढे १८९७ मध्ये पुण्याहून गेलेले तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनीही साक्ष दिली.

एवढे सगळे करून काय मिळाले? याच काळात भारतात पुन्हा दोन मोठे दुष्काळ पडले. लाखो माणसे मेली. सरकारचे धोरण फारसे बदलले नाही. इंग्रज लोक न्यायी आहेत, त्यांच्यापुढे खरा हिशोब ठेवला तर ते चूक सुधारतील, असा दादाभाईंचा अनेक वर्षे विश्वास होता. हा विश्वास हळूहळू कमी होत गेला. १९०१ मध्ये त्यांनी आपले आयुष्यभराचे लेख आणि आकडे एका मोठ्या ग्रंथात एकत्र केले. हिंदुस्थानचे दारिद्र्य आणि इंग्रजांच्या न्यायाला न शोभणारे राज्य, हा त्या ग्रंथाचा विषय होता.

१९०६ मध्ये, ८१ व्या वर्षी, ते पुन्हा कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांचा आवाज क्षीण झाला होता. म्हणून त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखवले. भारताला स्वराज्य हवे, अशी मागणी या भाषणात काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून स्पष्टपणे करण्यात आली. पन्नास वर्षांच्या हिशोबाचे हे शेवटचे उत्तर होते. घराची तिजोरी ज्याच्या हाती असते, तोच घराचा खर्च ठरवतो. देशाचा पैसा देशात राहायचा असेल, तर देशाचा कारभारही देशातील लोकांच्या हाती हवा.

यानंतर दादाभाई मुंबईजवळ वर्सोवा येथे राहू लागले. ३० जून १९१७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव दिले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, दादाभाईंच्या चरित्रातून जबाबदारी या शब्दाचे दोन अर्थ आपल्याला कळतात. स्वतःपुरते पाहिले, तर दादाभाई फार कडक होते. दारू त्यांनी स्वतः होऊन सोडली. वाईट मार्गाचा नफा नाकारला. मिळालेल्या फुकट शिक्षणाला त्यांनी कर्ज मानले आणि ते मरेपर्यंत फेडले. पण उपाशी माणसाकडे बोट दाखवून, तूच तुझ्या गरिबीला जबाबदार आहेस, असे ते कधी म्हणाले नाहीत. आधी त्याच्या हाती काय येते, त्यातून काय काढून घेतले जाते आणि त्याला काय उरते, हे त्यांनी मोजले. ज्याच्या हाती सत्ता आणि पैसा जास्त, त्याची जबाबदारी जास्त, हे त्यांनी राज्यकर्त्यांना तोंडावर सांगितले. आणि ज्याला शिकण्याची संधी मिळाली, त्याचीही जबाबदारी जास्त, हे त्यांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवले.

आजही एखाद्या गरीब माणसाविषयी कोणी चटकन मत देऊ लागले, तर आपण दादाभाईंसारखे जरा थांबावे. मत देण्याआधी हिशोब पाहावा. आणि तो हिशोब पाहता येण्याइतके शिक्षण आपल्याला कोणाच्या कष्टामुळे मिळाले, याचाही विचार करावा.